दान नको, दाम हवा



पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा शेतकरी आपल्यासारखाच. पावसाच्या भरवशावर कापूस, पोटाला ज्वारी-बाजरी. २००१-०२ साली कापसाचे भाव कोसळले. अमेरिकेने आपल्या कापूसवाल्यांना अब्जावधी डॉलरचे अनुदान दिले, त्यांचा माल स्वस्तात जगभर गेला. मार बसला मालीला.

जून २००३ मध्ये माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या चार देशांच्या वतीने बुर्किना फासोचे अध्यक्ष जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेपुढे उभे राहिले. त्यांनी मदत मागितली नाही. अनुदाने बंद करा, असे म्हणाले.

पुढे २००४ पासून मालीतल्या काही गावांनी ‘न्याय्य व्यापारा’ची वाट धरली. खरेदीदाराने ठरलेल्या भावाखाली उतरायचे नाही. शिवाय वरची काही रक्कम गावाच्या संस्थेला. ती शाळेला लावायची की गोदामाला, हे सभासदांनीच ठरवायचे.

पण भुलू नका. असे गिऱ्हाईक थोडे. बाकीचा कापूस बाजारातच जातो आणि तिथला भाव सरकारे पाडतात. म्हणून कामे दोन. गावात काटा आपला ठेवा, माल एकत्र विका. आणि धोरणाशी भांडण सोडू नका. गरिबी दानाने हटत नाही, दामाने हटते.