आईचा आजार मुलीला होतोच का?

आमच्या भिवंडी तालुक्यात एक ठरलेलं लग्न मोडलं. मुलीची आई बायपोलरच्या गोळ्या घेते, म्हणजे कधी अंगात नको इतका उत्साह, कधी खोल उदासी. "रक्तातच आहे," पाहुणे म्हणाले. आम्ही बचत गटातल्या बायकाही तेव्हा गप्प बसलो. अजून टोचतं ते.

रक्तात थोडं असतं, खरंय. पण त्याचं एकच जनुक नसतं. मागावर एका धाग्याने कापड होतं का? आईबापांकडून आलेली कितीतरी जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात. त्यात जागरण, बाळंतपण, घरातली मारहाण यांची भर. हा आजार १०० जणांत साधारण एकाला होतो. आईला किंवा वडिलांना असेल तर १०० मुलांत ५ ते १० जणांना. उरलेल्या नव्वदांचं काय? हुबेहूब जुळ्या बहिणींतही एकीला झाला म्हणून दुसरीला होतोच असं नाही.

पण लपवू नका. पोटुशी असाल तर डॉक्टरांना घरातला आजार आधीच सांगा, कारण बाळंतपणानंतर तो उसळू शकतो. रात्र-रात्र झोप नाही, तरी थकवा नाही, असं दिसलं तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

ती मुलगी आता आमच्या गटाचा हिशोब लिहिते.