टंगस्टन, तोफा आणि दुभंगलेली सत्ता



खनिज जमिनीच्या पोटात असते तोवर त्याविषयी फारसा तंटा होत नाही. ते बंदराच्या वाटेला लागले म्हणजे मात्र त्याचा धनी कोण, हा प्रश्न उभा राहतो. १९३० नंतरच्या दशकात चीनमध्ये हा प्रश्न कसा सुटला, याचा विचार आज करावयाचा आहे.

टंगस्टन हा धातू ३,४०० अंश सेल्सियसच्याही वर वितळतो. विजेच्या दिव्यातील तार, पोलाद कापणारी हत्यारे आणि चिलखतभेदी गोळे यांसाठी तो लागतो. त्या काळी जगाला सर्वाधिक टंगस्टन चीन पुरवी आणि त्यातील मोठा वाटा जिआंग्शी प्रांताच्या दक्षिण भागातून येई. नानजिंग येथे च्यांग कै-शेक यांचे केंद्र सरकार होते खरे. परंतु या मालाची कँटनकडे जाणारी वाट ग्वांगडोंगचे सेनापती चेन जीटांग यांच्या हाती होती. काही खाणी तर १९३४ पर्यंत कम्युनिस्टांच्या मुलखात होत्या. त्यांचे खनिजही ग्वांगडोंगच्याच व्यापाऱ्यांमार्फत बाहेर पडे.

शस्त्रसज्ज होऊ पाहणाऱ्या जर्मनीस हे खनिज हवे होते. पण परकीय चलनाची चणचण होती. म्हणून खनिजाच्या बदल्यात शस्त्रे व यंत्रे, असा मार्ग निघाला. त्यासाठी जानेवारी १९३४ मध्ये 'हाप्रो' ही कंपनी स्थापन झाली. तिचे सूत्रधार हान्स क्लाइन यांनी कँटनशीही शस्त्रकारखान्यांचा सौदा केला. नानजिंगने त्यास तीव्र हरकत घेतली. च्यांग यांचे सैन्य जर्मन सल्लागारच घडवीत होते आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यास जर्मन कारखाने मिळत होते! अशा दुहेरी व्यवहाराची चिंता जर्मन परराष्ट्र खात्यासही वाटू लागली.

एप्रिल १९३६ मध्ये जर्मनीने नानजिंगला १० कोटी मार्कांचे कर्ज देऊ केले. फेड खनिजांनी व्हावयाची होती. त्याच वर्षी जूनमध्ये चेन यांनी केंद्राविरुद्ध बंड पुकारले. त्यांचे विमानदल नानजिंगला जाऊन मिळाले आणि जुलैत त्यांना हाँगकाँग गाठावे लागले. त्यानंतर भूगर्भशास्त्रज्ञ वेंग वेनहाओ यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय साधनसंपत्ती आयोगाने टंगस्टनचा व्यापार आपल्या हाती घेतला.

१९३८ मध्ये हिटलरने आपले लष्करी सल्लागार परत बोलाविले. तथापि घडी बसली होती. जपानशी झुंजताना सोव्हिएत रशिया व अमेरिका यांच्याकडून मिळालेल्या कर्जांची फेड करण्यास हेच खनिज कामी आले.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. परकीय ग्राहक घरात फूट पाडतोच असे नाही. पण पडलेली फूट तो आपल्या सोयीने वापरतो. मात्र सत्ता एकवटली म्हणजे न्याय आपोआप होतो, असेही नव्हे. हातोडा व छिन्नी घेऊन डोंगर फोडणारा मजूर कँटनच्या सौद्यातही नव्हता आणि नानजिंगच्या करारातही नव्हता. खनिजाचा धनी कोण, हे ठरविताना त्याचीही गणना झाली पाहिजे.