बॉनेटखालील अस्तर : ठेवावे की काढावे?

(हैदराबाद येथील मराठीभाषक वाहनमालक व चालक यांच्यासमोर केलेले भाषण)



मोटारीचे बॉनेट उघडले म्हणजे त्याच्या आतल्या अंगास गादीसारखे एक काळसर अस्तर खुंट्यांनी अडकविलेले दिसते. कोणी त्यास पॅड म्हणतात, कोणी लायनिंग. वर्षानुवर्षे त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात गाडी तापू लागते, अथवा उंदरांनी कुरतडलेला अस्तराचा कोपरा इंजिनावर लोंबू लागतो, आणि हे अस्तर ठेवावे की काढून टाकावे, असा प्रश्न उभा राहतो. एक मिस्त्री सांगतो, "फाडून टाका, इंजिनाला वारा लागेल." दुसरा सांगतो, "कंपनीने बसविले आहे, हात लावू नका." दोघांचेही बोलणे ठाम असते आणि मालक मात्र संभ्रमात पडतो. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु आगीपासूनचे संरक्षण, चालकाचे कान आणि कर्ज काढून घेतलेले वाहन या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

हैदराबाद आणि मराठी मुलूख यांना जोडणाऱ्या मोटारवाहतुकीस मोठी परंपरा आहे. निजाम संस्थानच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या व १६६ कर्मचारी यांच्यानिशी मार्ग परिवहन विभाग सुरू केला. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. पुढे मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. नांदेड, लातूर, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) व सोलापूर या भागांतील मालवाहू गाड्यांची हैदराबादशी ये-जा आजही अखंड चालू आहे. दुरुस्तीसाठी ऑटोनगर आणि सुट्या भागांसाठी राणीगंज ही नावे त्या चालकांच्या तोंडी असतात.

या चालकांपैकी ज्यांनी पुढे इंजिन असलेली जुनी बस चालविली आहे, त्यांना अस्तराचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. अशा बसमध्ये इंजिनाची पेटी चालकाच्या अगदी शेजारी असते. तिच्यावरील जाड आच्छादन फाटले म्हणजे डावा पाय भाजून निघतो आणि मुक्कामी पोहोचल्यावरही कानांत घरघर चालू राहते. सतत मोठ्या आवाजात काम केल्याने श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होते, व एकदा गेलेली ती परत येत नाही. कारखान्यांसंबंधीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा घातलेली आहे, ती याच कारणाने.

आता हे अस्तर काम कसे करते ते पाहू. ते काचतंतू, दाबलेले सुती वा कृत्रिम धागे किंवा सच्छिद्र फेस यांचे बनविलेले असते. त्याच्या असंख्य सूक्ष्म पोकळ्यांत हवा कोंडून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता फार मंद गतीने पुढे जाऊ देते. थंडीत गोधडी ऊब देते, त्यामागील तत्त्व हेच. याच पोकळ्यांत शिरलेला आवाजही बराचसा विरून जातो. हैदराबादेतीलच एआरसीआय या संशोधन संस्थेने एरोजेल नामक अतिसच्छिद्र पदार्थाच्या उष्णतारोधक पत्र्यांवर काम केले आहे, तेही याच तत्त्वावर आधारलेले आहे.

तेव्हा अस्तराची कामे मुख्यतः दोन : इंजिनाचा आवाज शोषून घेणे आणि बॉनेटच्या पत्र्याचे व रंगाचे उष्णतेपासून रक्षण करणे. डिझेल इंजिनाचा आवाज पेट्रोल इंजिनापेक्षा कर्कश असल्यामुळे डिझेल गाडीत पहिले काम अधिक महत्त्वाचे ठरते.

"अस्तर काढले म्हणजे इंजिन थंड राहते" ही समजूत कितपत खरी? इंधनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णतेचे उपयुक्त कार्य होते. सुमारे तितकीच धुरावाटे बाहेर जाते आणि उरलेली बहुतांशी रेडिएटरमधील पाणी वाहून नेते. बॉनेटच्या पत्र्यातून जाणारा भाग अल्प असतो. यास्तव गाडी तापत असेल तर दोष रेडिएटर तुंबणे, पाणी कमी होणे, पट्टा सैल पडणे, पंखा न फिरणे किंवा थर्मोस्टॅट अडकणे यांपैकी कशात तरी शोधावा. अस्तर फाडून टाकल्याने तो दोष नाहीसा होत नाही. उलट उपाय केल्याच्या समाधानात मालक निर्धास्त होतो आणि खरा बिघाड वाढत राहतो. अस्तर काढल्याने वजन घटून इंधन वाचते, हेही म्हणणे व्यर्थ आहे. त्याचे वजन संपूर्ण गाडीच्या मानाने नगण्य असते.

तथापि अस्तर ठेवावे असे म्हणणाऱ्यांनीही डोळे मिटून चालणार नाही. धडधाकट आणि कोरडे अस्तर सहसा सहजासहजी पेट घेत नाही. परंतु तेच अस्तर गळक्या नळीतील डिझेलने वा ऑइलने भिजले, तर कंदिलाच्या वातीसारखे होते. इंजिनातून धूर बाहेर नेणारा नळ शेकडो अंशांपर्यंत तापतो. त्यावर भिजलेली चिंधी लोंबणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. उंदीर या अस्तराच्या तंतूंचे घरटे करतात, वाळलेले गवत व कागद आणून साठवितात आणि जवळच्या विजेच्या तारा कुरतडतात. धान्याच्या गोदामाजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी अनेक दिवस उभ्या राहणाऱ्या जीपगाडीत अथवा ट्रॅक्टरमध्ये हा धोका विशेष असतो.

इंधन आणि अग्नी एकत्र आले म्हणजे किती थोडा अवधी मिळतो, याचे दारुण उदाहरण या परिसराने पाहिले आहे. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी बंगळूरहून हैदराबादकडे येणारी बस तत्कालीन महबूबनगर जिल्ह्यातील पालेमजवळ पुलाच्या कठड्यास धडकून पेटली आणि ४५ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेचा बॉनेटच्या अस्तराशी संबंध नव्हता. परंतु धावत्या वाहनातील आग माणसाला विचार करण्यास सवड देत नाही, हा धडा तीतून सर्वांनी घ्यावयाचा आहे. विचार आधी, गाडी उभी असताना करावयाचा असतो.

म्हणून निर्णय ऐकीव गोष्टींवर सोपवू नये. महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॉनेट उघडून तो स्वतः पाहून घ्यावा. अस्तर कोरडे, सलग आणि सर्व खुंट्यांवर घट्ट असेल तर ते ठेवावे. एखादी खुंटी तुटली असेल तर तेवढी नवी बसवावी. तिचा खर्च किरकोळ असतो. अस्तर तेलाने भिजले असेल, भुगा होऊन गळत असेल, किंवा पट्टा, पंखा वा धुराच्या नळाकडे लोंबत असेल, तर ते त्याच दिवशी काढावे, गळती दुरुस्त करून घ्यावी आणि मगच त्या गाडीसाठीचे नवे अस्तर बसवावे. नवे मिळेपर्यंत अस्तराविना गाडी चालविण्यास हरकत नाही. आवाज वाढेल, रंगाला थोडी झळ लागेल. परंतु खराब अस्तरापेक्षा अस्तर नसणे बरे.

त्याच्या जागी गोणपाट, जुनी सतरंजी, थर्मोकोल किंवा घरगुती गादीचा फेस मात्र कदापि लावू नये. या वस्तू स्वस्त पडतात, पण त्या पेटतात. जुने अस्तर काढताना तोंडावर फडके बांधावे, ते कोरडे झटकू नये आणि हवेच्या झोताने उडवू नये. त्यातील तंतू श्वासात जाणे हितावह नाही. फार जुन्या गाड्यांच्या उष्णतारोधक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने तेथे अधिकच दक्षता घ्यावी.

इंजिनास आग लागलीच तर खुंट्या वितळून अस्तर खाली पडते आणि आग विझविते, असेही सांगितले जाते. त्यावर कोणत्याही चालकाने विसंबू नये. धूर दिसताच गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, सर्वांना दूर उतरवावे. बॉनेट झटक्याने पूर्ण उघडू नये, कारण आत गेलेली हवा ज्वाळा भडकविते. अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी असावे आणि ते वापरता यावे.

ग्रामीण शाळांतील शिक्षकांना यातून विज्ञानाचा एक जिवंत पाठ घेता येईल. एक तापविलेले भांडे उघडे, दुसरे गोधडीत गुंडाळलेले. कोणते आधी निवते, हे मुलांनी स्वतः पाहावे. शासकीय वाहनांच्या देखभालीची जबाबदारी असणाऱ्या अधिकाऱ्यांनी तपासणीच्या यादीत रेडिएटर, बॅटरी व टायर यांच्यासोबत अस्तराचीही एक ओळ लिहावी. चालकाने "अस्तर भिजले आहे" असे कळविले, तर ती क्षुल्लक तक्रार समजून बाजूस सारू नये. त्या गाडीतून रुग्ण, परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणि निवडणुकीचे कर्मचारी जात असतात.

चांगले असेल तर ठेवावे, बिघडले असेल तर काढावे, आणि काढल्यावर कारण दूर करून योग्य तेच बसवावे, एवढे या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यासाठी लागणारी पाच मिनिटे प्रत्येक वाहनधारकाने महिन्यातून एकदा काढली, तर त्याच्या गाडीवर विसंबून निघालेली माणसे निर्धोकपणे घरी पोहोचतील.