हादऱ्याला उलटा हादरा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव 'वाहनांतील कंपन व गोंगाट यांचे सक्रिय नियंत्रण' असे छापले आहे. नाव भारदस्त आहे. पण मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, डब्याखाली वाकून काम करणारा माणूस. तेव्हा साध्या भाषेतच बोलतो. लाउडस्पीकर आवाज वाढवतो, हे गणपतीच्या दिवसांत कुणाला सांगायला नको. त्याच लाउडस्पीकरने आवाज कमीही करता येतो, हे आज सांगायचे आहे.

आधी आपल्या गाडीकडे पाहू. ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी रायपूर-नागपूर प्रवास केला असेल, त्यांच्या कानांत ती 'खडखड-खडखड' अजून असेल. तेरा मीटरचा एक रूळ, मग सांधा. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असेल तर एकेक चाक सेकंदाला दोन सांधे ओलांडते. हा ठोका कुठल्याही हुशार यंत्राने घालवलेला नाही. सांधेच काढून टाकले. शेजारी भिलाईत आता १३० मीटरचा सलग रूळ तयार होतो, दोन जोडून २६० मीटरचे पॅनेल बाहेर पडते आणि लाइनवर त्यांचेही वेल्डिंग होते. दुखणे मुळातच काढणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि तो आधी करावा.

त्यानंतर येतात स्प्रिंग आणि डँपर. आरती संपल्यावर झांज घुमत राहते, बोटांनी धरली की गप्प होते. डँपरचे काम तेच. आझाद हिंद, गीतांजलीला एल.एच.बी. डबे लागल्यावर प्रवास बदलला, त्यात या तेलाच्या डँपरांचा वाटा मोठा आहे. (गाडी सुटताना जो धक्का बसतो तो कपलिंगचा, त्याचा राग डँपरवर काढू नका.) पुस्तकात अशा साधनांना 'निष्क्रिय' म्हणतात. रात्रंदिवस दणके खाणाऱ्या स्प्रिंगला निष्क्रिय म्हणणे मला काही पटत नाही, पण शब्द रूढ आहे.

मग स्प्रिंग हवी तेवढी मऊ का करत नाहीत? हिशेब बघा. डबा सेकंदाला एकदाच, संथपणे झुलावा असे वाटत असेल तर त्याच्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सेंटीमीटर दबायला हवी. वर माणसे चढली की ती आणखी दबणार. आणि बफरची उंची रुळापासून १०३० ते ११०५ मिलिमीटर यांच्या आतच ठेवायची. म्हणजे सगळा खेळ ७५ मिलिमीटरचा. मुंबईच्या लोकलमध्ये आणि वंदे भारतमध्ये म्हणून हवेची स्प्रिंग असते. गर्दी चढून डबा खाली गेला की एक दांडी झडप उघडते, हवा आत येते आणि डबा पुन्हा उंचीवर येतो. २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या बिलासपूर-नागपूर वंदे भारतने आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. ही स्प्रिंग वजन ओळखते, पण झडप संथ. सेकंदाला दहा वेळा येणाऱ्या दणक्याला ती उत्तर देऊ शकत नाही. हिला मी अर्धी सक्रिय म्हणेन.

पूर्ण सक्रिय साधनाला तीन अवयव लागतात: हादरा ओळखणारा, हिशेब करणारा आणि उलटा धक्का देणारा. झोपाळा आपल्याकडे येत असताना हात आडवा लावला तर तो थांबतो. तोच धक्का अर्ध्या झोक्याने उशिरा दिला तर झोपाळा आणखी वर जातो. सगळी करामत वेळेची आहे. जपानच्या ई-५ शिनकानसेनमध्ये २०११ पासून डब्याखाली असे विजेवर चालणारे हात आहेत. बोगद्यात वारा डब्याला डावी-उजवीकडे ढकलतो, तेव्हा ते उलट बाजूने ढकलतात.

आवाजाचेही तसेच. आवाज म्हणजे हवेचे कंपन. त्यात बरोबर उलटी लाट सोडली की दोन्ही एकमेकींना खातात. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला याचे अमेरिकन पेटंट १९३६ सालीच मिळाले होते. पण तेवढ्या झटपट हिशेब करणारी यंत्रे यायला पुढे चार-पाच दशके गेली.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. आपल्या जुन्या १६ सिलिंडरच्या अल्को डिझेल इंजिनात मिनिटाला १००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १३३ स्फोट होतात. या आवाजाची लाट अडीच मीटर लांब. बंद जागेत, जिथे आवाज सगळीकडून आदळतो, तिथे लाउडस्पीकरने शांत होणारा भाग लाटेच्या साधारण एक दशांश, म्हणजे २५ सेंटीमीटर. माणसाचे डोके मावेल इतकाच! किंचाळणाऱ्या ब्रेकच्या बारीक आवाजाला तर बोटाएवढीही जागा मिळत नाही. तिथे ग्लासवूल आणि रबरच बरे. सक्रिय उपाय चालतो तो जाड, एकसुरी घुमण्यावर.

स्पाइसजेटने २०११ मध्ये आणलेल्या क्यू-४०० विमानात हीच युक्ती आहे. पंख्याची सहा पाती, उड्डाणात मिनिटाला ८५० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ८५ थापा. तिथे लाउडस्पीकर नाहीत. मायक्रोफोन ऐकतात आणि विमानाच्या सांगाड्यावर बसवलेले छोटे कंपक तो सांगाडाच उलटा हलवतात.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. अमर बोस यांचे नाव स्पीकरमुळे माहीत असेल. वडील बंगालचे, मुलगा अमेरिकेत प्राध्यापक. त्यांनी १९८० मध्ये मोटारीसाठी सक्रिय सस्पेन्शनचे काम सुरू केले. २००४ मध्ये ते जगाला दाखवले, मोटार खड्ड्यांवरून तरंगत गेल्यासारखी दिसली. पण वजन आणि किंमत यांमुळे ते बाजारात आलेच नाही. मग २०१० मध्ये त्याच कंपनीने तेच तंत्र ट्रकचालकाच्या सीटखाली बसवून विकायला काढले. अख्खी गाडी शांत करण्याचा हट्ट सोडला आणि माणूस बसतो तेवढी जागा शांत केली!

रेल्वेनेही इथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. आपल्या निकषांत प्रवासी डब्याचा राइड इंडेक्स ३.५ पर्यंत चालतो, इंजिनाचा ४ पर्यंत. आकडा मोठा तितके हादरे जास्त. म्हणजे जो माणूस अख्खी ड्यूटी सिग्नलवर नजर ठेवून बसतो, त्याला आपण प्रवाशापेक्षा जास्त हलवतो. एल.एच.बी. स्लीपर डब्यात ८० बर्थ असतात. इंजिनाच्या एका कॅबमध्ये खुर्च्या दोन, दोन्ही टोके धरली तरी चार. खर्चाचा हिशेब घरातली गृहिणीसुद्धा मांडेल.

कुणी म्हणेल, कानाला कापूस किंवा मफ द्या. पण मफ सगळेच दाबतो. लोको पायलटला मागचा-पुढचा हॉर्न, वॉकी-टॉकी, रुळावर फुटणारा डिटोनेटर ऐकू आलाच पाहिजे. उलट्या लाटेने ब्लोअरची अखंड घुंघुं तेवढी उचलता येते आणि अचानक येणारा आवाज तसाच पोहोचतो. डोक्यामागे खुर्चीतच दोन स्पीकर, खाली हलणारी सीट. पंचवीस सेंटीमीटर तिथे पुरतात.

अडचणी आहेत. आपल्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, वर कोळशाची आणि लोखंडाच्या खनिजाची धूळ. यंत्र चुकीच्या वेळी धक्का देऊ लागले तर हादरा वाढेल. म्हणून बिघाड झाला की ते आपोआप बंद व्हावे आणि खाली साधी, चांगली स्प्रिंगची खुर्ची शिल्लक असावी. ती आधी चांगली हवी, हे वेगळे सांगायला नको.

सभागृहात तीन-चार लोको पायलट बसलेले दिसतात. प्रश्न मला विचाराच, पण त्यांनाही एक विचारा: कॅबमधला कोणता आवाज आधी बंद करायचा?