राब पावसाआधी भाजावा

श्रोतेहो, ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतकऱ्याला राब म्हणजे काय हे मी सांगायला नको. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरायचे, वर माती टाकायची आणि ते भाजून काढायचे. पाऊस आला की त्याच जागेत रोप धरते. मृग कोसळू लागल्यावर कोणी राब भाजायला निघाला तर सारा गाव त्याला हसेल. मात्र मुलामुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत आपण दरसाल नेमके हेच करतो. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि त्यानंतर घर जागे होते. कुठे घालायचे, किती लागतील, कोणाची ओळख आहे का, अशी धावपळ सुरू होते.

मी डोंबिवलीत एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे गावातली मुले येतात तशी आसनगाव, टिटवाळा, बदलापूर इकडून लोकलने येतात आणि मुरबाडकडून एसटीने कल्याण गाठून येतात. प्रवेशाच्या दिवसांत कचेरीच्या खिडकीशी जी मुले हिरमुसून उभी असतात, त्यांच्याशी मी पुष्कळदा बोलतो. गुण कमी पडले म्हणून अडलेली मुले त्यांत असतात, नाही असे नाही. पण तारीख हुकली किंवा दाखला हाती नव्हता, म्हणून अडलेली मुले मला अधिक भेटतात. गुण कमी पडले तर वाईट वाटते. पण गुण असून वाट बंद व्हावी, हे त्याहून वाईट. आणि ते टाळणे आपल्या हाती आहे. म्हणून आज मी निकालाच्या आधीच्या कामाविषयीच बोलणार आहे.

पहिली गोष्ट तारखांची. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी या शिक्षणासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. तिला आपण सीईटी म्हणतो. वैद्यकीय शाखांसाठी, त्यांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीही आले, देशपातळीवरची नीट परीक्षा लागते. बी. एस्सी. नर्सिंग आणि पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम यांनाही वेगळी परीक्षा आहे. आता नीट ऐका. यांपैकी पुष्कळ परीक्षांचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात. २०२५ च्या सीईटीची नोंदणी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाली होती आणि बारावीची लेखी परीक्षा त्यानंतर, फेब्रुवारीत झाली. म्हणजे निकालानंतर विचार करू म्हणणाऱ्याची परीक्षा तोवर होऊनही गेलेली असते!

वाणिज्य आणि कला शाखेच्या पालकांना वाटते की, ही परीक्षांची कटकट विज्ञानवाल्यांची. तसे आता राहिलेले नाही. २०२४ साली बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि आपल्या राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. आदल्या वर्षापर्यंत बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असे, म्हणून कित्येक घरांना ही बातमी लागलीच नाही. पहिली परीक्षा मे महिन्यात झाली; जागा पुष्कळ आणि परीक्षा दिलेली मुले थोडी, अशी स्थिती झाली. शेवटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जादा परीक्षा घ्यावी लागली. दर वर्षी अशी दुसरी संधी मिळेल, असे धरून चालू नये. मोठा भाऊ कसा गेला, शेजारचा मुलगा कसा गेला, हे विचारा जरूर. पण नियम मात्र या वर्षीचाच वाचा. साध्या बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी.ला जायचे असले तरी मुंबई विद्यापीठाकडे आधी प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते आणि मग महाविद्यालयाचा अर्ज, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट कागदांची. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, ही नावे तुम्ही ऐकलेली आहेत. यांत सर्वांत वेळ खाणारे म्हणजे जात वैधता. त्यासाठी जुना पुरावा शोधावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा पाहतात. म्हणजे आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत जावे लागते. तो कागद एखाद्या खेड्यातल्या शाळेच्या जुन्या नोंदवहीत असतो, किंवा चुलत्याच्या पेटीत. तो काय जुलैत आठ दिवसांत सापडणार? बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत हा अर्ज करता येतो, तेव्हाच करावा. काही वर्षी शासनाने प्रमाणपत्र सादर करण्याची मुदत वाढवली हे खरे. पण मुदतवाढीच्या भरवशावर मुलाचे वर्ष टांगू नये.

नॉन-क्रिमीलेअरला मुदत असते, आणि ती ३१ मार्चला संपते. मुरबाड तालुक्यातली एक मुलगी मला आठवते. दाखला होता, पण गेल्या मार्चला संपलेला. वडिलांना वाटले, दाखला आहे म्हणजे झाले. नवा मिळेपर्यंत फेरी उलटली आणि जी जागा तिला राखीव प्रवर्गातून मिळाली असती ती गेली. गुणांत ती कोठेच कमी नव्हती. तेव्हा हातात कागद असला तरी त्यावरची तारीख वाचा.

तिसरी गोष्ट पैशाची. येथे एक ठळक गोष्ट सांगतो, कारण ती अजून सगळ्या घरांत पोचलेली नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने केला. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली तर ही माफी नाही. म्हणून कोणी घरी येऊन 'फेऱ्यांची वाट कशाला पाहता, जागा आत्ताच पक्की करून देतो' असे म्हणाला, तर त्या बोलण्याची किंमत आधी वहीवर मांडून बघा.

राहण्याच्या खर्चासाठीही योजना आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाहभत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या असतात, त्या नीट वाचून घ्याव्यात.

आता ज्या दोन ठिकाणी घरोघरी घोटाळा होतो, ती सांगतो. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. मुलगा सांगतो, नव्वद आले. आई पेढे वाटते. पण हे नव्वद टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी नव्वदजण त्याच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, आणि साधारण दहाजण पुढे, एवढाच त्याचा अर्थ. लाखो मुले बसली असतील तर ते दहा टक्के म्हणजे किती हजार, हा हिशेब मुलाकडूनच करून घ्या.

दुसरा घोटाळा पसंतीक्रमाचा. फेरीच्या अर्जात महाविद्यालये आणि शाखा क्रमाने लिहायच्या असतात. पुष्कळ मुले भीतीने सोपे महाविद्यालय वर लिहितात आणि आवडते खाली. अहो, अवघड जागा वर लिहिल्याने खालची हातची जात नाही! यादी वरून खाली पाहिली जाते आणि आपल्या क्रमांकाला बसणारी पहिली जागा मिळते. म्हणून मनातला क्रम आहे तसाच लिहावा. मात्र अभियांत्रिकीच्या प्रवेशात पहिल्या फेरीला आपला पहिलाच पर्याय मिळाला, तर तो घ्यावा लागतो. न घेतल्यास पुढच्या फेऱ्या बंद होतात. तेव्हा जिथे जायचेच नाही ते नाव पहिल्या ओळीवर लिहू नये.

चौथी गोष्ट अंतराची. मुंबईतले नामांकित महाविद्यालय प्रत्येकाला हवेसे वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. पण आसनगावहून मुंबईला रोज जाऊन येऊन चार तास धरा. वर्षाला दोनशे दिवस म्हटले तरी आठशे तास होतात, आणि तेही गर्दीत, उभ्याने. त्या वेळात काय काय वाचून झाले असते! जो विषय तिथे आहे आणि इथे नाही, त्यासाठी हा प्रवास जरूर करावा. तोच विषय जवळ मिळत असेल तर दोनदा विचार करावा. शहापूरला सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाडजवळ शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. कल्याणला बिर्ला, उल्हासनगरला चांदीबाई, ठाण्याला जोशी-बेडेकर आणि बांदोडकर, आणि आमच्या डोंबिवलीतही महाविद्यालये आहेत. घरच्या परिस्थितीमुळे ज्याला नोकरी धरावीच लागते, त्याच्यासाठी १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

आणि महाविद्यालय म्हणजेच शिक्षण, असेही नव्हे. विज्ञान घेऊन बारावी झालेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि पदविका मिळवून पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. आय.टी.आय. आहे. १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी आहे. तीत काम शिकता शिकता विद्यावेतन मिळते. ज्या मुलाचा हात यंत्रावर चालतो, त्याला केवळ पदवीच्या नावासाठी तीन वर्षे वर्गात बसवून ठेवण्यात शहाणपण नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचीही रचना बदलली आहे. काही अटी पूर्ण केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स मिळते.

या सगळ्यात एक माणूस विचारायचा राहून जातो, तो म्हणजे खुद्द मुलगा किंवा मुलगी. आमच्याकडे पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना मी विचारतो, हा विषय का घेतलास? 'बाबा म्हणाले' किंवा 'मित्राने घेतला' ही उत्तरे फार येतात. घरी एकदा निवांत बसून तीन प्रश्न विचारावेत. कोणता विषय कोणी न सांगता वाचावासा वाटतो? ज्या कामाला जायचे म्हणतोस, ते काम करणारा एक तरी माणूस पाहिला आहेस का, दिवसभर तो काय करतो? आणि पहिली वाट बंद झाली तर दुसरी कोणती? उत्तर आपल्याला आवडले नाही तरी ते पुरते ऐकून घ्यावे. पुढची सगळी वर्षे अभ्यास त्यालाच करायचा आहे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. खेड्यातल्या पुष्कळ घरांत ही माहिती सांगणारे दुसरे कोणी नसते. बारावीच्या वर्गावरचा शिक्षक हाच त्या घराचा सल्लागार. दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकांची एक बैठक घ्या आणि तीत प्रत्येक मुलाच्या दाखल्यांची यादी करा : कोणता आहे, कोणता नाही, कोणाची मुदत कधी संपते. जानेवारीत दुसरी बैठक घ्या आणि प्रवेश परीक्षांच्या तारखा फळ्याशेजारी मोठ्या अक्षरांत लावा. ज्यांच्या घरी फोन चालत नाही किंवा अर्ज भरता येत नाही, त्यांचे अर्ज शाळेत बसून भरून घ्या. बारावीची लेखी परीक्षा संपली की तिसरी बैठक घ्या, आणि तीत मुलांनाच आपापला पसंतीक्रम कागदावर लिहायला सांगा. तीन दुपारी एवढाच काय तो खर्च. मग निकाल लागेल त्या दिवशी तुमच्या वर्गातल्या मुलीला फक्त गुण पाहायचे राहतील. बाकीचे सारे तिच्या पिशवीत तयार असेल.