संक्षेपांची वही

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची पत्रे जपून ठेवलेली असतील, त्यांनी ती एकदा काढून पाहावीत. आरंभीच ‘सा. न. वि. वि.’ ही चार अक्षरे भेटतील. लिहिणाऱ्याने चारच अक्षरे लिहिली, पण वाचणाऱ्याने ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे पूर्ण वाचले. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. हाताचे श्रम वाचविण्याची ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे आणि परदेशांतही ती अपरिचित नाही. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली इंग्लंडात जी लघुलिपी प्रसिद्ध केली, तिचेही मर्म हेच.

संगणकाने या युक्तीत एक मोठा फरक केला आहे. पूर्वी संक्षेपाचा विस्तार वाचणारा आपल्या मनात करी. आता तो यंत्र स्वतःच करते आणि विस्तारलेला मजकूर जसाच्या तसा दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून जबाबदारी वाचणाऱ्याकडून लिहिणाऱ्याकडे आली आहे. ही गोष्ट मला कशी कळली, ते आज सांगावयाचे आहे.

मी तिगावचा शिक्षक. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्यातूनच २०२३ साली पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. त्यामुळे आमच्या घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. दाखले, शेरे, पालकांना सूचना, अशी तीच ती वाक्ये वर्षभर दोन भाषांत लिहावी लागतात. त्यासाठी मी ‘ऑटोहॉटकी’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम वापरू लागलो. ख्रिस मॅलेट यांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. एका साध्या फाइलीत, जिला स्क्रिप्ट म्हणतात, डावीकडे खूण व उजवीकडे तिचा विस्तार लिहून ठेवायचा. मग कोठेही ती खूण टंकून मोकळ्या जागेची कळ दाबली, की पूर्ण मजकूर उमटतो. देवनागरीसाठी ती फाइल ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने जतन करावी, म्हणजे अक्षरांचा चुराडा होत नाही.

पहिल्या वीस खुणा मला तोंडपाठ होत्या. दोन वर्षांत त्या दोनशेच्या वर गेल्या आणि चार फाइलींत विखुरल्या. ‘सौ’ या खुणेला मी ‘सौभाग्यवती’ हा विस्तार दिला होता. एके दिवशी हिंदीत ‘सौ रुपये जमा करें’ असे लिहू गेलो, तो कागदावर ‘सौभाग्यवती रुपये’ उमटले! शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. मीही हसलो, शब्द हाताने दुरुस्त केला आणि खूण तशीच राहू दिली.

पुढे पालकसभेची सूचना काढली. तीन अक्षरांत संपूर्ण सूचना उमटे. केवळ नाव भरायचे राही. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याची आई तो कागद घेऊन आली. मुलाचे वडील त्याच पावसाळ्यात वारले होते, हे मला ठाऊक होते. कागदाची घडी माझ्यापुढे ठेवून ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, हा शब्द आता माझा नाही.” मी क्षमा मागितली. पण ती चूक यंत्राची होती, असे म्हणण्याचा धीर मला झाला नाही; कारण ती माझीच होती.

त्या संध्याकाळी तो शब्द काढावयास बसलो, तेव्हा तो अकरा ठिकाणी सापडला. मग सर्व खुणा एका तक्त्यात आणल्या. एका ओळीत खूण, विस्तार, भाषा आणि ती कशासाठी केली याचे चार शब्द. स्क्रिप्ट आता तो एकच तक्ता वाचते आणि एका खुणेचे दोन अर्थ आढळल्यास मला अडविते. प्रत्येक खुणेच्या आरंभी मी अर्धविराम लावतो. आपण अर्धविराम शब्दाच्या मागे देतो, पुढे कधीच चिकटवीत नाही. त्यामुळे हिंदीतला ‘सौ’ आता शंभरच राहतो. जो मजकूर अनेक सूचनांत येतो, तो एकाच जागी लिहिलेला असतो; तेथे बदलला की सर्वत्र बदलतो. आणि नावामागचा मायना कोणत्याही विस्तारात ठेवलेला नाही. त्या जागी स्क्रिप्ट थांबते, एक लहानशी चौकट उघडून मला विचारते आणि मी तो हाताने लिहितो.

कोणी म्हणेल, थांबावयाचे तर यंत्र कशाला? शाळेचे नाव, पत्ता, नियमांची कलमे यांवर खर्च होणारा वेळ वाचावा, म्हणून यंत्र. जेथे माणसागणिक शब्द बदलतो, तेथे वाचविलेल्या वेळातला थोडा वेळ खर्च करण्यात तोटा नाही.

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी मी तो तक्ता छापून घेतो आणि प्रत्येक ओळ वाचतो. ज्या खुणेचा उपयोग आठवत नाही, ती खोडतो. गेल्या वर्षी एका नव्या शिक्षिकेला त्याची प्रत दिली. तिने पहिल्याच दिवशी दोन चुका दाखविल्या.