आईबापांचा हेतु आणि कायदा



वकिलाचे भाषण म्हटले की मंडळी आधी दार कोठे आहे ते पाहून ठेवतात. म्हणून मी कलमांपासून नव्हे, पोटापासून आरंभ करतो. माझ्या बेंबीशेजारी बिब्ब्याचे दोन डाग आहेत. तान्हेपणी पोट फुगले म्हणून आजीने दिलेले. अशा खुणा अंगावर असलेले वडीलधारे या सभेतही असतील. आजीचा माझ्यावर जीव होता, हे खरे. तिने मला भाजले, हेही खरे. आईबापांवरील खटल्यांची सारी अडचण या दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या जागेत आहे.

मेळघाटात याच जातीचा एक उपाय आहे. त्याला 'डंबा' म्हणतात. तापलेल्या लोखंडाने आजारी अर्भकाच्या पोटावर चटके देतात. 2025 च्या फेब्रुवारीत तेथे अवघ्या 22 दिवसांच्या बाळाला असे 65 चटके दिल्याचे उघडकीस आले व पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ऐकताच आपण म्हणतो, काय हे राक्षस! पण चटके देण्यामागे इच्छा एकच असते, लेकरू बरे व्हावे. मग गुन्हा कशाचा?

कायदा येथे दोन प्रश्न वेगळे करतो. 'का केले?' हा एक आणि 'काय करायचे मनात होते?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कितीही सोज्ज्वळ असो, दुसऱ्याचे उत्तर त्याने पुसले जात नाही. चटका काही चुकून लागलेला नसतो. शिवाय दुखापतीच्या गुन्ह्याला दुष्टपणा लागत नाही. याने इजा होणार एवढी जाणीव असली तरी पुरे.

मात्र आईबापांना कायद्याने एक आसराही ठेवला आहे. 1860 च्या दंड संहितेत तो कलम 89 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो न्याय संहितेच्या कलम 27 मध्ये आहे. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्भावाने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. यालाही मर्यादा आहेत. जाणूनबुजून जीव घेणे त्यात बसत नाही. 'त्याच्या भल्यासाठीच बडवला' म्हणणारे बाप याच आसऱ्याला येतात. पण 'सद्भाव' या शब्दाची कायद्यातील व्याख्या घरातल्यापेक्षा कडक आहे. योग्य ती काळजी व सावधपणा न घेता केलेले काहीही सद्भावाने केले असे म्हणता येत नाही. नुसती माया पुरत नाही, हे मला स्वतःला पटायला फार वर्षे लागली.

उलट बाजूही पाहा. मूल टाकून देणाऱ्या आईचा हेतु स्पष्ट दिसतो, पण तो कोणी घडविला? 1863 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नावाच्या विधवेने लोकलाजेने आपले मूल मारले व तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ही हकीकत त्यामागे होती. कोर्टाने तिचा हेतु अचूक ओळखला. तिला फसविणारा पुरुष मात्र मोकळा राहिला! विधिमंडळांना हे कळायला दीडशे वर्षे लागली. 2015 च्या बालन्याय कायद्यातील कलम 75 म्हणते की, जन्मदात्यांनी आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकले असेल, तर ते जाणूनबुजून टाकले नाही असे गृहीत धरावे. त्याच कायद्याप्रमाणे मूल बालकल्याण समितीच्या स्वाधीन करता येते आणि आईबापांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. हे गावोगाव ठाऊक असते, तर उकिरड्यावर सापडणारी काही लेकरे तरी वाचली असती.

मनातला हेतु कोर्टाला दिसत नाही. ते आजूबाजूचे विचारते: दवाखाना किती लांब होता? गाडी मिळाली असती काय? आशाताई घरी येऊन काय सांगून गेली होती? चटका एक होता की पासष्ट? मूल कळवळले तेव्हा हात थांबला काय? माझ्या आजीला यातले पहिले तीन प्रश्न विचारताच आले नसते; तिच्या काळी आमच्या गावाला ना दवाखाना होता ना मोटार. आज तिच्या जागी मी असतो, तर मला मात्र उत्तर द्यावे लागले असते.